बॉयलरवाल्याचं खत

घरातला वास बाहेर घालवण्यासाठी लोक खिडक्या उघडतात, पंखे लावतात, देवाची आठवण काढतात. माझ्या नवऱ्याने वास एका निळ्या ड्रममध्ये भरला, वर रबराचं गॅस्केट बसवलं आणि पान्याने नट आवळून तो आत जपून ठेवला. एवढं करून कुणी विचारलं की छाती फुगवून सांगायचा, "मामांनी सांगितलंय!"

मामा म्हणजे माझे वडील. मी त्यांना आबा म्हणते, गाव त्यांना सहादूबाबा म्हणतं, आणि राकेश त्यांना मामा म्हणायचा; पण त्यांच्या पाठीमागेच, कारण आमच्या लग्नापासून आबा त्याच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

आबांचंही चुकत नव्हतं म्हणा. त्यांनी मला कळवणजवळच्या आमच्या गावातून नाशिकला डी.एड. करायला पाठवलं, आणि मी डी.एड.बरोबर राकेशही करून बसले. हा अंबडच्या एका कारखान्यात बॉयलरवर. तिकडे आबांनी माझ्यासाठी सटाण्याचं एक स्थळ हेरून ठेवलेलं, कांद्याच्या चाळीच चाळी असलेलं. आम्ही आधी कोर्टात लग्न केलं आणि मग घरी सांगितलं. आधी सांगून मग लग्न करणं जास्त शोभलं असतं हे मला मान्य आहे, पण मग ते लग्न झालंच नसतं. आबा एवढंच म्हणाले, "मला इचारलं नाय ना? मग तुझ्या घरचं पाणीबी पिणार नाय मी." आणि आबा शब्दाचे पक्के. एकदा म्हशीवर रुसले, तर बरेच दिवस तिच्या दुधाचा चहा त्यांनी तोंडाला लावला नव्हता. म्हशीला त्याचं काही नव्हतं. मला होतं. आबांनी माझ्या घरी येऊन घोटभर पाणी प्यावं, याहून मला दुसरं काही नको होतं.

राकेशला तर सासऱ्याचा भलताच सोस. त्याचे स्वतःचे वडील तो लहान असतानाच गेले. आता सासरा आहे, धडधाकट आहे, आणि बोलत नाही. त्याला ते ताट वाढलेलं असून जेवता येऊ नये तसं वाटायचं. शेतकऱ्याला खूश करायचं तर शेतीतलं काहीतरी करून दाखवावं, असं त्याच्या डोक्यात बसलं. आमचं शेत म्हणजे सिडकोतल्या भाड्याच्या घरामागचं अंगण. त्यात एक कढीपत्ता, तुळस आणि घरमालकीण सुलाबाईंच्या वाळत घातलेल्या साड्या.

अशात तो एका शेती प्रदर्शनात गेला आणि तिथे त्याने गरम खताचा ड्रम पाहिला. घरातला ओला कचरा आणि सुका पाला त्यात टाकायचा, ड्रमला बाहेरून ऊब राहील असं गुंडाळायचं, की आतला कचरा आपोआप तापतो. इतका तापतो की हात ठेववत नाही, आणि मग त्याचं काळंभोर खत होतं. 'आपोआप तापतो' हे ऐकल्यावर आमचा बॉयलरवाला गारच झाला. पुढच्या रविवारी अंगणात निळा ड्रम उभा. बाहेरून बॉयलरला गुंडाळतात तो काचेचा कापूस, त्यावर पत्रा, पोटात कारखान्याच्या भंगारातून आणलेलं तापमानाचं घड्याळ. तळाला हवेसाठी भोकं, वर सैल झाकण. सगळं प्रदर्शनातल्या चित्राबरहुकूम.

आणि तो तापला हो! एका सकाळी राकेश ओरडत आत आला, "मोहिनी, साठ! साठ!" मला वाटलं चोर आले. घड्याळाचा काटा साठावर होता आणि झाकण उचललं की भस्सकन वाफ वर यायची. त्याने मला अंगणात गरागरा फिरवलं. माझ्या हातात लाटणं, त्याच्या अंगात फक्त बनियन. सुलाबाईंनी वरच्या खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

मग द्राक्षांनी घात केला. सीझन जोरात होता. राकेशच्या कारखान्यातल्या एकाच्या बागेत गळलेली, फुटलेली द्राक्षं पडून होती. फुकट म्हटल्यावर राकेशने पोती भरभरून आणली आणि ड्रममध्ये ओतली. सुक्या पाल्याचं नावही नाही. द्राक्षात असतं काय? पाणी आणि साखर. आतला सगळा कचरा लगदा होऊन बसला, काटा घसरला आणि झाकणाखालून आंबूस भपका यायला लागला.

मी म्हटलं, "फेकून दे."

तो म्हणाला, "मामांना विचारू."

मामांना विचारणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. गावातल्या किराणा दुकानात फोन; तिथून माझ्या धाकट्या भावाला, गोरक्षला, हाक मारायची; गोरक्षने आबांना सांगायचं; आबांनी उत्तर द्यायचं की नाही ते आबांनी ठरवायचं. या वेळी आबांनी दिलं. म्हणजे गोरक्षने नंतर सांगितलं त्याप्रमाणे त्यांनी गोठ्यात म्हशीकडे बघत दिलं, पण दिलं. दुसऱ्या दिवशी गोरक्षचा फोन सुलाबाईंकडे आला तेव्हा मी शाळेत होते. घरी येऊन पाहते तर राकेश दारात उभा, डोळ्यांत पाणी.

"मामा बोलले!"

"काय बोलले?"

"म्हणाले, वाफ धरायला पाहिजे."

मला जरा नवल वाटलं. आमच्याकडे खताचा खड्डा असायचा, पण आबा कधी वाफेवर बोलल्याचं आठवेना. पण आबांनी राकेशसाठी तोंड उघडलं, या आनंदात माझंही डोकं जागेवर नव्हतं. आम्ही त्या दिवशी शेवभाजी केली.

आता वाफ धरणं हा तर राकेशचा रोजगारच. कारखान्यात कुठल्या जोडातून सूतभर वाफ निसटली तर याला घरी जेवण जात नाही. त्याने ड्रमच्या तळाची भोकं सील लावून बुजवली. सैल झाकण काढून जाड झाकण बसवलं, त्याखाली गॅस्केट, कडेने बोल्ट. शेवटचा नट आवळून त्याने ड्रमच्या पाठीवर थाप मारली. "आता मुंगीचा श्वाससुद्धा बाहेर येणार नाही," म्हणाला.

मुंगीचं माहीत नाही, पण वास आला. सडकी अंडी, आंबलेलं ताक आणि तुंबलेली मोरी यांचं लग्न लागलेलं, आणि वरात आमच्या अंगणातून निघालेली. ड्रममधून अधूनमधून सुस्स असा आवाज यायचा. राकेश कान लावून ऐकायचा.

"ऐकलंस? प्रेशर येतंय!"

"काटा खाली गेलाय, दिसत नाही का तुला?"

"घड्याळ बिघडलं असेल. मामा चुकणार नाहीत."

सुलाबाई आधी प्रेमाने विचारून गेल्या, "मोहिनी, तुमच्यात पोटाचं काही दुखणं आहे का गं?" मग त्यांनी गटार साफ करणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने चेंबर उघडलं, वाकून हुंगलं आणि म्हणाला, "बाई, चेंबर चकाचक हाय. हा वास आमच्यातला नाय." तेव्हा त्यांचं लक्ष ड्रमकडे गेलं. "हे बघा," त्या राकेशला म्हणाल्या, "सोमवारी इथे एकतर हा ड्रम असेल, नाहीतर तुम्ही."

त्याच दिवशी गोरक्षचा फोन. आबांच्या डोळ्यात मोतीबिंदू धरलाय, रविवारी नाशिकला डॉक्टरांना दाखवायला आणतोय. "परत जाताना तुझ्या दारापर्यंत आणतो ताई. पुढं ते आत येतील का नाय, देव जाणे."

रविवार! मी आनंदाने किंचाळले आणि त्याच श्वासात मला अंगणातला वास आला. आबांनी इतक्या दिवसांनी माझ्या दारात यावं आणि नाकाला टोपी लावून परत फिरावं, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. मी राकेशला म्हटलं ड्रम उचल, कुठेही ने. तो म्हणाला, "मामांनी सांगितलेलं मामांनाच दाखवायचं नाही?" असं म्हणताना त्याचं तोंड इतकं पडलं की माझा रागच पळाला. मग मी फिनेल ओतलं, कापूर जाळला, उदबत्तीचे पुडेच्या पुडे पेटवले. घराला देवळामागे उंदीर मेल्यासारखा वास येऊ लागला.

रविवारी दुपारी रिक्षा थांबली. आबा उतरले, स्वच्छ धोतर, टोपी, आणि डोळे मिचमिचे. तपासणीसाठी औषध घातल्याने त्यांना सगळं धूसर दिसत होतं. नाक मात्र शाबूत होतं. ते फाटकातच थांबले.

"आबा, आत या ना."

"मी हितंच बरा हाय." मग त्यांनी मान वर केली. "मोहिनी, काय मेलं गं घरात?"

"काही नाही आबा, ते बाजूचं गटार..."

"गटार नाही हो!" वरच्या खिडकीतून सुलाबाई ओरडल्या. "ड्रम आहे, ड्रम! तुमच्या जावयाचा!"

आबांनी घरात पाऊल टाकलंच नाही. भिंतीला हात लावत बाजूच्या बोळातून ते नाकाच्या मागे मागे अंगणात गेले, त्यांच्या मागे गोरक्ष, गोरक्षच्या मागे मी. तिथे राकेश इस्त्रीचा शर्ट घालून ड्रमशेजारी उभा होता. इतके दिवस पाठ केलेलं सगळं विसरून तो एकदम म्हणाला, "मामा, तुम्ही सांगितलं तसंच केलंय. एवढीशीसुद्धा वाफ बाहेर जाऊ दिली नाही."

"मी?" आपल्याला बोलायचं नाही हेही आबा विसरले. "मी कवा सांगितलं?"

"गोरक्षच्या हाती निरोप दिलात ना. वाफसा पाहिजे म्हणून."

ड्रम सुस्स करत राहिला.

"वाफसा," आबा म्हणाले.

"हो. वाफ-सा. म्हणजे वाफ कशी, आत धरून..." राकेश दोन्ही हातांनी अदृश्य झाकण दाबून दाखवायला लागला.

मी कपाळावर हात मारला. अरे देवा! मला सांगताना या गाढवाने 'सा' गाळला होता. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कुणालाही वाफसा म्हणजे काय ते विचारा. रानाला पाणी दिलं की चिखल होतो, पाय रुततात. मग हळूहळू पाणी मुरतं, मातीत हवा शिरते. ढेकूळ हातात घेतलं तर गार लागतं, पण चिकटत नाही, दाबलं की भुगा होतो. ओल आहे आणि हवाही आहे, तो वाफसा. तो आल्याशिवाय औत घालत नाहीत. आबांनी सांगितलं होतं की हवा खेळू दे, आणि बॉयलरवाल्याने हवेच्या नरड्यावर गॅस्केट बसवलं.

गोरक्षने हळूच सगळं समजावून सांगितलं. राकेशचा चेहरा उतरत उतरत पार कॉलरपर्यंत आला. आणि मग आबांचं पोट हलायला लागलं. आधी आवाजच नाही, नुसतं पोट. मग टोपी हलली. मग ते पालथ्या घमेल्यावर बसले आणि असे हसले, असे हसले की कढीपत्त्यावरच्या चिमण्या उडाल्या.

"आरं बाबा, कोंडून मारलं तू त्याला! श्वास पाहिजे रे त्याला, श्वास! तू तर बूच मारून राहिला!"

मीही हसायला लागले. गोरक्ष भिंतीला टेकला. सुलाबाईंना वाफसा काय ते ठाऊक नव्हतं, तरी त्याही खिडकीत खिदळत होत्या. फक्त राकेश हसत नव्हता.

आबांनी हसता हसता विचारलं, "आन् हे समदं मी सांगितलं म्हणून केलं?"

"तुम्ही मला पहिल्यांदाच काहीतरी सांगितलंत मामा," राकेश म्हणाला. "ते कसं मोडणार?"

आबांचं हसू थांबलं. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "औषधानं पाणी येऊन राहिलं," म्हणाले. मग माझ्या दिशेला तोंड करून, "पोटची पोर, तिनं माझा एक शब्द ऐकला नाय. आन् हा एका शब्दावर पाना घेऊन बसला." मग त्यांनी बाह्या वर केल्या. "खोल ते. बघू काय उरलंय."

राकेशने नट सैल केले. आबांना दिसत नव्हतं म्हणून ते वाकून पार झाकणाजवळ गेले. मी "आबा" म्हणेपर्यंत झाकण फटकन उडालं आणि आत कोंडलेल्या द्राक्षांचा काळा रस आबांच्या धोतरावर, टोपीवर, मिशीवर आला. मला वाटलं, संपलं. आता हे बसस्टँडच गाठणार. आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"एखादी चड्डी-बिड्डी असंल तर दे," ते राकेशला म्हणाले. "या धोतरात काम नाय व्हायचं."

अशा रीतीने आमच्या गावचे सहादूबाबा जावयाची फुलाफुलांची बर्म्युडा घालून अंगणात उभे राहिले. औषधाच्या डोळ्यांना ती फुलं दिसत नव्हती, हे आमचं नशीब. आम्ही कुणी बोललो नाही.

ड्रम आडवा केला, सगळा लगदा जमिनीवर ओढला. आबांनी मूठभर उचलून पिळला. बोटांतून पाण्याची धार. "गोरक्ष, नाक्यावर रसवंतीची घुंगरं ऐकली होती. तिथलं वाळकं चिपाड आण पोतंभर." चिपाड आलं. आबा ते तोडून लगद्यात मिसळायचे. काडीकाडीत फट राहते, फटीत हवा राहते. वरून सुलाबाईंनी पुठ्ठ्याचे खोके टाकले. "हे घ्या, साडीचे आहेत, कधीचे जपून ठेवलेत!" मी ते फाडत बसले. मधेच सुलाबाईच खाली आल्या आणि पदर खोचून फाडायला लागल्या. लगदा उलथायचा, सुकं घालायचं, मूठ पिळायची, पुन्हा उलथायचा. वास आधी दुप्पट झाला, मग हळूहळू उडायला लागला.

राकेश ड्रिल घेऊन बुजवलेली भोकं मोकळी करत होता. मग त्याने एक लांब पाइप घेतला आणि त्यालाही सगळीकडून भोकं पाडायला लागला.

"आता काय बासरी करून राहिला का?" आबा म्हणाले.

"हा मधोमध उभा ठेवतो मामा. म्हणजे हवा पार पोटात जाईल."

आबांनी पाइप हातात घेतला, एकेका भोकावरून बोट फिरवलं. "आमच्या खड्ड्याला हे कोणाला सुचलं नाय बरं का," म्हणाले. "पण भोकं लहान पाडली तू. चोंदतील."

"नाही चोंदणार मामा."

"चोंदतील म्हणतो ना!"

दोघांचं जोरदार भांडण लागलं. इतकं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. शेवटी अर्धी भोकं मोठी झाली, अर्धी लहान राहिली. आबांनी पुन्हा मूठ पिळली. पाणी आलं नाही. मूठ उघडल्यावर गोळा मोकळा झाला. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि मी तो कुस्करला. हात ओलसर झाला, पण चिकटला नाही. राकेशने ड्रम भरला, मधोमध त्याची बासरी, वर सैल झाकण. घड्याळावर टिचकी मारून म्हणाला, "चढत का नाही काटा?"

"लेका, आज नांगरून आज पीक मागतो काय? दोन-चार दिस दे त्याला."

ऊन उतरलं होतं. आबा कोपरापर्यंत माखलेले. अंगणातल्या नळावर त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, आणि तहानलेल्या माणसाच्या सवयीने ओंजळ नळाखाली धरून ती तोंडाला लावली.

गोरक्ष पटकन बोलून गेला, "आबा, पाणी!"

आबा तसेच थांबले. हनुवटीवरून थेंब ओघळत होते. राकेशच्या हातातला पाना तसाच वर राहिला. सुलाबाईंना शपथ माहीत नव्हती, पण त्यांचाही पुठ्ठा अर्धाच फाटून राहिला. मला वाटलं, आता चूळ भरून टाकणार. आबांनी माझ्याकडे पाहिलं. किती दिसत होतं कोण जाणे. त्यांनी घोट गिळला.

"हे तर नगरपालिकेचं हाय," ते म्हणाले. "घरचं कुठं हाय?"

मी नळाकडे पाहिलं, मग आबांकडे.

"अगं बघून काय राहिली? बापानं नळाला तोंड लावून परत जायचं काय? घरचं आण!"

मी इतकी जोरात धावले की येताना तांब्यातलं अर्धं पाणी माझ्याच अंगावर सांडलं. उरलेलं अर्धं आबा प्यायले.